परमुलखातली बाळंतीण

उचललं तेव्हा पोरीची मान कापडासारखी मागे गेली. नव्या बाळाची मान तशीही धरावीच लागते, पण धरलेल्या मानेत एक बारीकसा हट्ट असतो, तो आपल्या तळहाताला कळतो. इथे तो नव्हता. खोलीत धूर नव्हता. पलंगाखाली मातीच्या गोरसीत निखारे शांत बसले होते, लाल, वर पांढऱ्या राखेची साय धरलेले, आणि पलंगावर लान डोक्याला फडकं बांधून, कानात कापूस घालून, कुशीवर निजलेली होती. तिचे गाल गुलाबी होते. बाळंतपणात बाई पिवळी पडते; ही तर रायपूरला आल्यापासूनच पिवळी होती, आणि त्या दुपारी ती इतकी सुंदर दिसत होती की क्षणभर मला वाटलं, हिला उठवू नये. मग पोरीची मान पुन्हा लचकली.

मी हाका मारत बसले नाही. पोर पदराखाली घेतली आणि बाल्कनीत आले. माझ्या मागून दुकलहीन येत होती, आमच्या दोन्ही घरांची भांडी घासणारी, हाडापेराने माझ्या दुप्पट. तिला ओरडून सांगितलं, "हिले ओढ बाहेर, गादीसकट ओढ!" मराठी तिला समजत नाही, पण तेवढं समजलं. तलावावरून थंड वारा येत होता, पौषातली पांढरट दुपार होती, खालच्या रस्त्याने नव्या रायपूरकडे गाड्या वाहत होत्या, आणि मी पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारत उभी होते. तिने तोंड उघडलं, आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. मग जो आवाज आला तो इतका बारीक होता की गाड्यांच्या गोंगाटात तो मला कानाने नाही, तिच्या पोटावर ठेवलेल्या हाताने कळला. लान मात्र हलत नव्हती. दुकलहीन तिला दारापर्यंत ओढून आणून तिच्या तोंडावर पाणी मारत होती आणि तिच्या भाषेत मोठमोठ्याने शिव्या देत होती, कोणाला ते तिलाच ठाऊक.

वॉचमनने कोणाची तरी गाडी थांबवली. पोर माझ्या मांडीवर, लानचं डोकं दुकलहीनच्या मांडीवर, असे आम्ही दवाखान्यात गेलो. वाटेत मी एकदाही लानकडे पाहिलं नाही. एका वेळी एकच जीव धरता येतो.

लान आमच्या समोरच्या दारात राहते. तिचा नवरा तुआन व्हिएतनामचा. तांदूळ निवडायची यंत्रं धानगिरण्यांमध्ये बसवायला तो इथे आला, आणि छत्तीसगढात गिरण्या इतक्या की त्याचं काम संपेना, म्हणून मग बायकोलाही घेऊन आला. सकाळी तो राजिमकडे, महासमुंदकडे कुठेकुठे निघून जायचा आणि अंगावर कोंड्याची पांढरी भुकटी घेऊन अंधार पडल्यावर परतायचा. दिवसभर ती एकटी. चौथीपर्यंतच्या माझ्या भूगोलात तिचा देश आला नव्हता. नातवाने फोनवर नकाशा दाखवला तेव्हा समुद्राच्या कडेला लांबट, वाकडा, भाजीतल्या शेंगेसारखा तो दिसला. इमारतीत तिला सगळे चायना दीदी म्हणत. मी एकदा वॉचमनला सांगितलं की बाबा, तिचा देश वेगळा. तो म्हणाला, "हव माताजी, मालूम है. पर चायना दीदी बोलने से सब समझ जाते हैं."

मला यात हसू आलं, कारण मलाही या गावात पुष्कळ वर्षं सगळे नागपूरवाली म्हणत, आणि मी नागपूर तोवर फक्त गाडीच्या खिडकीतून पाहिलं होतं. मी भंडारा जिल्ह्यातली, वैनगंगेच्या काठच्या एका खेड्यातली. लग्न होऊन रायपूरला आले ते मालक रेल्वेत होते म्हणून. सारं आयुष्य क्वार्टरात गेलं. ते गेल्यावर मुलगा, राजेश, मला तेलीबांध्याच्या या उंच इमारतीत घेऊन आला. इथे जमीन खाली राहते आणि आपण वर. इतकी वर्षं इथलं पाणी प्याले, इथल्याच मातीत माणसं दिली, तरी कोणी गाव विचारलं की तोंडातून अजूनही त्या खेड्याचं नाव निघतं, जिथे आता मला ओळखणारं एक कुत्रंही नाही. परगावी रुळायला किती दिवस लागतात असं मला सुनेने, वनिताने, एकदा विचारलं होतं. मी म्हणाले, "मले काय माहीत? मी अजून रुळूनच राहिली."

लानची आणि माझी ओळख वासाने झाली. ती मासळीचं खारवलेलं पाणी घालून स्वयंपाक करते. पहिल्याच महिन्यात इमारतीच्या ग्रुपवर तक्रार आली की चौथ्या मजल्यावर बास येते. वनिता ते मोठ्याने वाचून दाखवत होती आणि मला क्वार्टरातल्या माझ्या चुलीवर भाजलेली सुकी मासोळी आठवत होती, आणि शेजारच्या खिडक्या एकामागून एक कशा बंद व्हायच्या तो आवाज. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती आहे हे कळल्यावर ज्या खिडक्या बंद झाल्या, त्या तर मासोळी नसतानाही बंदच राहिल्या. तेव्हा वासाची तक्रार म्हणजे काय असते ते मला कोणी सांगायला नको. त्या संध्याकाळी मी तिच्या दारात गेले, तिच्या पातेल्यात डोकावले आणि म्हटलं, "अच्छा बास है." ती आधी घाबरली, मग हसली. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आली तर मूर्तीसमोर हात जोडून किती तरी वेळ उभी राहिली. तिच्या घरातही देव्हाऱ्यासारखी एक फळी आहे, तिच्यावर तिच्या आजीचा फोटो, पुढे दोन संत्री आणि उदबत्ती.

पण तक्रारीनंतर ती एक गोष्ट शिकली. स्वयंपाक करताना आधी सगळ्या खिडक्या लावायची. गोल बाजारातून जाड पडदे आणून तिने दारांना लावले. उकाड्याच्या दिवसांतही ती त्या बंद घरात घामाघूम होऊन रांधत असे, आणि जेवण झाल्यावर, वास निवल्यावर, खिडक्या उघडत असे. परमुलखात माणूस सर्वांत आधी हेच शिकतं, आपलं घर दुसऱ्याच्या नाकाला लागू द्यायचं नाही.

हिवाळा लागताना या गावाच्या हवेत एक वास येतो. गिरण्यांमध्ये धान भिजत घालतात, वाफवतात, उन्हात पसरतात. तो आंबूस, ओला, कोमट वास संध्याकाळच्या धुक्याबरोबर जमिनीलगत सरपटत शहरात येतो आणि जिन्यांतून वर चढतो. वनिता त्याला घाण वास म्हणते. मला तो आला की वैनगंगेकाठचं आमचं खळं दिसतं, उकड्याच्या हंड्यावर वाकलेली आई दिसते, तिच्या कपाळावर वाफेने चिकटलेले केस दिसतात. एका संध्याकाळी मी दाराबाहेर उभी राहून तो वास घेत होते आणि पाहते तो समोर लान, पोटावर हात ठेवून, डोळे मिटून, तशीच उभी. तिच्या नदीचं नाव मला घेता येत नाही, माझ्या नदीचं तिला.

तिची आई बाळंतपणाला येणार होती. फोनवर रोज बोलणं चाले. मागे कोंबडे आरवायचे, कोणीतरी भांडी आदळायचं, आणि लान फोन घेऊन घरभर फिरायची, आईला पाळणा दाखवायची, खिडकीतून तलाव दाखवायची, एकदा मलाही दाखवली. पडद्यावर एक सुरकुतलेली, दात काळे पडलेली बाई माझ्याकडे निरखून पाहत होती, जशी विहीण पाहते. मग ती बाई अंगणात घसरून पडली आणि पाय मोडला. येणं राहिलं. ते कळलं त्या दिवशी लान रडली नाही. तिने घर पुसलं, पुन्हा पुसलं, दुकलहीनने फडकं हातातून काढून घेईपर्यंत पुसत राहिली.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आली तेव्हा दुकलहीनने मला बाजूला घेऊन विचारलं, "दाई, एकर महतारी नइ आवय का?" हिची आई येणार नाही का? दाई म्हणजे आई, ती मला तसंच म्हणते. मी मान हलवली. ती म्हणाली, मग आपणच. तिच्या नावातच दुष्काळ आहे, दुष्काळात जन्मली म्हणून दुकलहीन. अशी माणसं फार विचारविनिमय करत नाहीत.

त्यानंतर लानने मला पलंगाखाली बोट दाखवलं. खाली बोट, मग दोन्ही हात शेकायचे, मग पाठ, मग पोट. मी समजले हिला थंडी वाजते, रजई आणून टाकली. तिने रजई बाजूला सारली आणि पुन्हा पलंगाखाली दाखवलं, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दुकलहीनच आधी ओरडली, "सेंके बर माँगत हे, दाई! आगी माँगत हे!"

ती शेक मागत होती. बाजेखाली शेगडी! मी तिच्या पलंगावर बसलेच. कानात कापूस, डोक्याला फडकं, गार पाण्याला हात लावायचा नाही, वाऱ्यात जायचं नाही, आणि बाजेखाली निखारे, त्यांच्यावर चिमूटभर ओवा. हे सगळं माझ्या आईने केलेलं, तिच्या आईने केलेलं, दुकलहीनच्या पाऱ्यात, म्हणजे तिच्या वस्तीत, अजूनही करतात, आणि समुद्रापलीकडच्या त्या शेंगेसारख्या देशातही करतात. माझ्या सुनेच्या बाळंतपणात मी शेगडीचं नाव काढलं होतं तर सगळे माझ्याकडे असं बघू लागले की मी त्यांना शेणाने सारवायला सांगितलं. आणि ही परकी पोट्टी हात जोडून शेगडी मागत होती.

दुकलहीन गोरसी घेऊन आली. गोरसी म्हणजे मातीचं पसरट भांडं, थंडीत इकडच्या घराघरांतून त्याच्यात निखारे ठेवतात. बाहेर गच्चीवर कोळसा पेटवायचा, धूर पूर्ण जाऊ द्यायचा, निखारे लाल झाले की मगच आत आणायचे. धूर गेला म्हणजे शेक निर्धोक, हे आम्हा तिघींनाही आपापल्या आयांनी सांगितलेलं होतं, आणि तिघींच्या आयांचं त्यावर एकमत होतं.

वनिता कामावरून येऊन दारात उभी राहिली. "आई, आजकाल कोणी करत नाही हे. हीटर लावा म्हणावं तिले."

"हीटरले ओव्याचा वास येते का वं?"

तिने पर्स दाराशी ठेवली. मग हळूच आत येऊन बसली, आणि बराच वेळ उठली नाही. निखाऱ्यावर ओवा तडतडला, खिडकी उघडी होती, पडदा हलत होता, लानच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक सैलपणा आला, दोरी सोडल्यावर खाटेला येतो तसा. मी अहळीवाची खीर नेत असे, ती चाटून पुसून खात असे. पोरीला तेल लावताना ती काहीतरी गुणगुणायची आणि दुकलहीन तिच्या भाषेतलं म्हणायची, दोन्हींचा मेळ बसत नव्हता आणि पोर झोपत होती. त्या दिवसांत मी सकाळी उठताना मला कुठेतरी जायचं आहे असं वाटत असे. असं वाटणं मला फार वर्षांत माहीत नव्हतं.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. चांगला माणूस आहे, आवाज चढवत नाही. दारात चप्पल काढून उभे राहिले आणि मला म्हणाले, "माताजी, ये गाँव में चलता है, फ्लैट में नहीं. ऊपर वालों के घर बास जा रही है. आग लग गई तो?" मी म्हणाले, मातीच्या भांड्यातली आग पाय फुटून कुठे जाणार आहे. ते हसले, पण लानकडे वळून पुन्हा तेच बोलले, सावकाश, एकेक शब्द, जसं बहिऱ्याशी बोलतात. लानने मान खाली घालून ऐकलं. "हव," ती म्हणाली, "हव, सॉरी." तिला हिंदीपेक्षा छत्तीसगढी आधी आली, दुकलहीनची कृपा. ते गेल्यावर मी तिला म्हटलं, घाबरू नको, मी बघते. ती हसली, आणि मला वाटलं समजली.

तिने दुसऱ्या दिवशी काय केलं ते तिने दवाखान्यात सांगितलं. शेक तर हवा होता, महिना पुरा व्हायचा होता, आईने फोनवर बजावलं होतं. आणि वास बाहेर जायला नको होता. म्हणून मासळी रांधताना करायची तेच तिने केलं. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, खोलीच्या दाराच्या फटीत ओला टॉवेल दाबून बसवला. आपलं काम चोख करून, कोणाला त्रास न देता, पोरीला कुशीत घेऊन झोपली. मी खीर घेऊन गेले तेव्हा बाहेरचं दार नेहमीसारखं माझ्यासाठी लोटलेलंच होतं. आतलं दार ढकललं तर ते टॉवेलवर अडलं.

दवाखान्यात दोघींना नळ्या लावल्या. पोरीच्या तोंडावर तिच्या तोंडाएवढंच एक प्लास्टिकचं फूल. तुआन गिरणीतून धावत आला, भुवयांपर्यंत कोंड्याने पांढरा, आणि भिंतीशी उकिडवा बसला. राजेश आला. मला म्हणाला, "आई, तू या भानगडीत काहून पडली? काही झालं असतं तर पोलीस तुले विचारत बसले असते." मी म्हणाले, "पडली म्हणून दोघी इथं आल्या, नाही तर कुठं नेल्या असत्या?" तो माझ्याजवळ बाकावर बसला.

दिवस कलताना डॉक्टरीण बाहेर आली. तरुण, डोळे लाल, केस विस्कटलेले. लानने डोळे उघडले म्हणाली, बाळाने दूध ओढलं म्हणाली. तुआनने तिचे पाय धरायला वाकून भलतेच, माझे धरले. मग मी विचारलं, धूर तर नव्हता, मग झालं काय? ती माझ्याजवळ बाकावर बसली. आजकाल डॉक्टर बसत नाहीत, ती बसली. "अम्मा, धुआँ तो दिख जाता है. जलते कोयले से एक गैस निकलती है, न उसकी बू, न उसका रंग. बंद कमरे में भर जाती है. आदमी सोता रह जाता है. और चेहरा ऐसा गुलाबी हो जाता है कि घरवाले समझते हैं, तबीयत अच्छी है."

अशा वेळी पुढचं काही ऐकू येत नाही असं लोक म्हणतात. मला सगळं ऐकू आलं. लहान बाळाला ती आधी चढते, हेही ऐकू आलं. कँटीनमध्ये कोणीतरी चहाला हाका मारत होतं, तेही.

माझी पहिली मुलगी क्वार्टरात झाली, श्रावणात. नदीला पूर होता, गावाकडे धानाची रोवणी चालू होती, आई येऊ शकली नाही; निरोप आला की पाणी उतरलं की निघते. सासू आली. जाणती बाई, तिच्या हातून किती बाळंतपणं झाली होती. तिने बाजेखाली शेगडी ठेवली, ओवा टाकला, धूर जाऊ दिल्यावरच निखारे आणले, सगळं रीतीप्रमाणे. पावसाची झड आत येत होती म्हणून खिडकीला पोतं लावलं, दाराला पोतं लावलं. आमच्या खेड्यातल्या घरांना वर कवेलू होते, मातीचे, एकमेकांवर टेकलेले. त्यांच्यामधून दिवसा उजेडाचे कवडसे उतरायचे आणि धूर, वाफ, माणसाचा श्वास, सगळं वर निघून जायचं. क्वार्टराला सिमेंटचा स्लॅब होता. आम्हाला त्याचा केवढा अभिमान! गळत नाही म्हणून सासू येणाऱ्या-जाणाऱ्याला वर बोट करून दाखवायची. रीत गावाहून आमच्याबरोबर चालत आली. वरचं छप्पर बदललं आहे हे तिला कोणी सांगितलं नाही.

माझं डोकं दुखायचं, उलट्या व्हायच्या. बाळंतीण आहे, अशक्त आहे, म्हणायचे. एका सकाळी मी उठले आणि पोर उठली नाही. नाव ठेवायचं होतं, त्याच्या आधीच. शेजारच्या बायका आल्या, ज्यांच्या खिडक्या बंद असायच्या त्याही आल्या. तिला पाहून म्हणाल्या, रंग किती चांगला आहे, झोपल्यासारखी दिसते. गाल गुलाबी होते. बाहेरची हवा लागली असं ठरलं. ते ठरल्यावर सासूने दाराचं पोतं आणखी घट्ट केलं, माझ्यासाठी.

पूर उतरल्यावर आई आली. ती मेथीचे लाडू घेऊन आली होती. क्वार्टराच्या दारात उभी राहिली, आत पाहिलं, आणि डबा घेऊन तशीच उभी राहिली. आईचं ते दारातलं उभं राहणं मी आयुष्यभर आठवत आले. मला कायम वाटलं, ती आली असती तर पोर वाचली असती. नदी आडवी आली म्हणून मी नदीवर रागावले, रोवणीवर रागावले, या गावावर तर फारच रागावले. परमुलखात आई नसते म्हणून पोरं जातात, असा माझा हिशेब होता आणि तो मी कोणाला बोलून न दाखवता जपला. आता त्या बाकावर बसून मला कळलं की आई आली असती तर तिनेही बाजेखाली शेगडीच ठेवली असती. आणि पावसाची झड येते म्हणून पोतंही तिनेच लावलं असतं, माझ्यावरच्या मायेने, माझ्या सासूपेक्षा जास्त घट्ट.

खात्री कोण देणार? तेव्हाची पोरं कशानेही जायची. मी डॉक्टरणीला काही विचारलं नाही. एवढ्या वर्षांनंतर तिने काय सांगायचं?

लान घरी आली. शेक म्हणून मी तिला बाल्कनीत उन्हात बसवू लागले. तिला ते पटलं नव्हतं, पण माझ्या आवाजापुढे तिचं चालत नव्हतं. इमारतीतल्या बायका एकेक करून येऊन गेल्या. सेक्रेटरींची बायको डिंकाचे लाडू घेऊन आली आणि लाडू देता देता रडली; लाननेच तिच्या पाठीवरून हात फिरवला. ग्रुपवर कोणी तरी लिहिलं की चायना दीदी ठीक आहे. वनिताने तिथे उत्तर दिलं, तिचं नाव लान आहे. मला ते तिने सांगितलं नाही, नातवाने सांगितलं.

फागुनात तिची आई आली, काठी टेकत. दारातच तिने काठी भिंतीला लावली, माझे दोन्ही हात धरले आणि बोलू लागली. पुष्कळ बोलली. तिची भाषा वरखाली होते, झोक्यासारखी. शब्द कळत नव्हते, पण कुठे ती पायाचं सांगते, कुठे लेकीला रागावते, कुठे त्या फोनवरच्या आपल्याच बजावण्यापाशी येऊन तिचा आवाज फाटतो, हे कळत होतं. तिने हात सोडले नाहीत. तेव्हा मीही बोलू लागले, आमच्या गावाकडच्या बोलीत, जी आता माझ्या घरातही कोणी पुरी बोलत नाही. मालकांना जे कधी बोलले नाही, राजेशला ज्याचं नावही माहीत नाही, ते तिला सांगितलं. त्या पोरीच्या उजव्या कानामागे तीळ होता तेही सांगितलं. बाहेर निंबाला नवी पालवी होती, कोवळी, तांबूस, तिच्यातून ऊन आत येत होतं. ती बाई मान हलवत होती. जिथे हलवायला हवी तिथेच हलवत होती की नाही, कोण जाणे.

दुकलहीन भांडी घासता घासता डोकावली. "का गोठियाथव दूनो डोकरी?" काय बोलत बसल्या दोघी म्हाताऱ्या? लानने तिला बोटाने गप्प केलं. तिची मुलगी मधल्या सतरंजीवर पालथी पडून मान वर धरायचा प्रयत्न करत होती, पडत होती, पुन्हा धरत होती.

लान जगली. तिची मुलगी जगली. क्वार्टरातल्या त्या खोलीतही आम्ही दोघीच होतो. त्यातली मी जगले.